वॉल स्ट्रीट आणि मधली सुट्टी

शाळेत इतिहासात मला कधी साठच्या वर मार्क पडले नाहीत. त्यामुळे मी इतिहासावर लिहितेय हे पाहून आपल्या बाई नक्की हसतील. पण ज्या रस्त्यावरून मी रोज नोकरीला जायचे, त्याचा इतिहास मला फार उशिरा कळला. तो तुम्हाला सांगावासा वाटतो.

इंजिनिअर झाल्यावर काही वर्षांनी मला न्यूयॉर्कमध्ये एका शेअर दलाली कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं. वॉल स्ट्रीट तिथून पाच मिनिटांवर. या रस्त्याच्या टोकाला, नदीकाठी, १७११ ते १७६२ या काळात गुलामांचा बाजार भरत असे. पुढे १७९२ साली २४ दलालांनी एक करार केला आणि त्यातून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंज उभं राहिलं. त्याचे पहिले कृष्णवर्णीय सभासद जोसेफ सर्ल्स तिथे आले ते फेब्रुवारी १९७० मध्ये. मध्ये १७८ वर्षं गेली.

या लोकांना पैशाचा व्यवहार जमत नव्हता, असं मुळीच नाही. मॅगी वॉकर यांची आई गुलामगिरीतून सुटून कपडे धुण्याचं काम करायची. त्याच मॅगी वॉकर यांनी १९०३ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात बँक काढली आणि लोकांची पै-पै तिथे जमा केली. पण विश्वास बसणं सोपं नव्हतं. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६५ साली फ्रीडमन्स बँक निघाली होती. तिच्या गोऱ्या विश्वस्तांनी बेभरवशाची कर्जं वाटली. बँक बुडायला आल्यावर फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्ष केलं. त्यांनी पदरचे १०,००० डॉलर घातले, तरी १८७४ मध्ये ती बंद पडली. सुमारे ६१,००० ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले.

दलालीचा धंदा ओळखीवर चालतो. गिऱ्हाईक मिळतं ते क्लबात, कॉलेजात, सासरमाहेरच्या गोतावळ्यात. ज्यांना या जागांची दारंच बंद, त्यांनी गिऱ्हाईक आणायचं कुठून? शिवाय एक्स्चेंजचं सभासदत्व विकत घ्यावं लागे आणि ते महाग असे. सर्ल्स आले त्याच वर्षी बाजार घसरला आणि वर्ष संपायच्या आत त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. पण दार उघडलं ते उघडलंच. १९७१ मध्ये डॅनियल्स अँड बेल ही एक्स्चेंजची सभासद झालेली पहिली कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी ठरली. तिचे एक मालक ट्रॅव्हर्स बेल यांनी शिकागोत निरोप्या म्हणून सुरुवात केली होती.

माझं दुःख यांच्यापुढे काहीच नाही. मला नोकरी होती, पगार होता. तरी पहिलं वर्ष आठवतं. मीटिंगमध्ये मी बोलले की क्षणभर शांतता व्हायची, आणि तेच दुसऱ्या कोणी म्हटलं की माना डोलायच्या. जेवायला सगळे मिळून खाली जायचे. "येतेस का?" असं मला कोणी विचारायचं नाही. मी डबा घेऊन डेस्कवरच बसायचे. कोणी वाईट वागलं नाही. फक्त कोणी विचारलं नाही.

एक दिवस तो डबा उघडताना मला आपली शाळा आठवली. आपल्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत मागच्या पायऱ्यांवर एकटीच जेवायची. आपण बाकीच्या गोल करून बसायचो, एकमेकींच्या डब्यातली भाजी वाटून घ्यायचो. कोणाच्या डब्यातलं खायचं आणि कोणाच्या नाही, हे आपल्याला घरून न सांगता कळलेलं होतं. आपण तिला कधी टाकून बोललो नाही. आणि "ये" असंही कधी म्हटलं नाही. दहा वर्षं!

एक्स्चेंजच्या १७८ वर्षांचा हिशोब मी इतरांना आनंदाने सांगते. हा दहा वर्षांचा हिशोब मात्र मी आजवर कोणाला सांगितला नव्हता.

मेळाव्याची यादी करताना ग्रुपवर विचारलं, तेव्हा तिचा नंबर एकीकडेही नव्हता. यातच सगळं आलं. तुमच्यापैकी कोणाला तिचा ठावठिकाणा माहीत असेल तर मला जरूर कळवा. मला तिला भेटायला जायचं आहे.