'बीपी खानदानी आहे' म्हणजे नेमके काय?

"आमच्याकडे बीपी खानदानी आहे," असे घराघरांत ऐकू येते. अब्बांना होता, फुफींना आहे, म्हणजे आपल्यालाही होणारच, असे धरून लोक तपासायलाच जात नाहीत. हे मात्र आम्हाला पटत नाही.

माणसामाणसांच्या रक्तदाबातला साधारण 30 ते 50 टक्के फरक आनुवंशिक असतो, असे अभ्यास सांगतात. पण 'बीपीचा जीन' असा एकच नसतो. 2018 साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या अभ्यासानंतर रक्तदाबाशी संबंधित जनुकीय जागांची संख्या 901 झाली. त्यातल्या एकेका जागेने दाब जेमतेम एखाद्या मिलिमीटरने, बहुतेकदा त्याहून कमीच बदलतो. शिवाय ते लोक युरोपीय वंशाचे होते. तेव्हा तेच हिशेब आपल्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

एकाच जीनमधल्या बिघाडाने बीपी वाढतो, असे आजारही आहेत, पण फार दुर्मिळ. 'लिडल सिंड्रोम'मध्ये मूत्रपिंड मीठ बाहेर सोडतच नाही. अम्मी किंवा अब्बा, एकाकडून आलेला दोषही त्याला पुरतो. दुसऱ्या एका आजारात मात्र दोघांकडून दोष यावा लागतो. चुलत, मामे, खालाजाद भावंडांच्या निकाहात दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते, म्हणून आपल्या घरांत हे माहीत असावे. (साधा बीपी अशा निकाहामुळेच होतो, असा अर्थ कुणी काढू नये.) या आजारात मूत्रपिंडातले एक एन्झाइम काम करत नाही, मग शरीरातले कॉर्टिसॉल मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. गंमत म्हणजे मुलेठी हेच एन्झाइम अडवते! घसा बसला की नानी मुलेठी चघळायला देते. दोन दिवस ठीक, पण बीपीवाल्याने ती रोज खाऊ नये.

लहान मुलाचा किंवा विशी-पंचविशीतल्या कुणाचा बीपी जास्त निघाला आणि रक्तात पोटॅशियम कमी असेल, तर डॉक्टरांना घरातली नाती आणि कुणाला कितव्या वर्षी बीपी लागला, ते सगळे सांगावे. गोळी कोणती द्यायची, हे त्यावरून बदलू शकते.

बाकीच्यांचे काय? जीन बदलता येत नाही, दस्तरखान बदलता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ पुरे. लोणचे, पापड, सुकी मच्छी यांतलेही त्यात धरायचे. घरात एकाला बीपी निघाला, की सख्ख्या भावंडांनी आणि अठरा वर्षांवरच्या मुलांनीही त्याच आठवड्यात मोजून घ्यावा.