परतीचा कागद

मागच्या महिन्यात माझा भाचा आमच्या ओट्यावर बसून पासपोर्टची पानं उलटत होता आणि बोटांवर दिवस मोजत होता. तो कॅनडातला कायमचा रहिवासी. तिथला नियम असा, की पाच वर्षांत किमान ७३० दिवस त्या देशात राहिलं पाहिजे. इकडे त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, अंथरुणाला खिळली. तो तिच्यासाठी नगरला आला आणि राहिला. हिशेब केला तेव्हा तिथले दिवस भरले जेमतेम चारशे. मला म्हणाला, ‘‘मामू, परत गेलो तर दारातच अडवतील का?’’

त्याचा प्रश्न ऐकला आणि मला छोटे दादा आठवले.

छोटे दादा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाहिलं ते त्यांचं शिलाई मशीन. भिंगारच्या छावणीत ते गणवेश शिवायचे. मे १९४८ मध्ये कराचीहून मेहुण्याचं बोलावणं आलं. दुकानात काम फार होतं, हात कमी होते. दादा चार महिन्यांसाठी म्हणून निघाले. मशीन घरीच ठेवलं. ‘‘कायमचा जाणारा शिंपी मशीन मागं ठेवत नाही,’’ असं माझी आजी शेवटपर्यंत सांगायची.

आज कराची म्हटलं की शत्रुराष्ट्र डोळ्यांसमोर येतं. पण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. नगर आणि कराची एकाच इलाख्यातली गावं. मुंबईच्या बंदरातून आगबोटीत बसायचं आणि कराचीला उतरायचं. तिथलं नारायण जगन्नाथ हायस्कूल हे शिक्षणखात्यातल्या एका मराठी अधिकाऱ्याच्या नावाचं. आपल्याकडची माणसं पोटासाठी तिकडे जात, तशीच परत येत. जाणं म्हणजे देश सोडणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आणि १९ जुलै १९४८ रोजी दार लागलं. पश्चिम पाकिस्तानातून भारतात यायचं तर त्या दिवसापासून परवाना लागू लागला. आधी वटहुकूम होता, १९४९ मध्ये कायदा झाला. यामागे कारणही होतं, ते सांगितलं पाहिजे. सिंधमधून उजाड होऊन आलेली हजारो कुटुंबं आपल्याच कल्याणच्या छावणीत राहत होती. उत्तरेत दंग्यांच्या भीतीने निघून गेलेले मुसलमान परतू लागले होते आणि त्यांच्या घरांत निर्वासित शिरले होते. एका घराला दोन मालक झाले. सरकारपुढचा पेच खरा होता.

परवान्यांचे प्रकार होते. एक तात्पुरत्या भेटीचा. दुसरा कायमचं परतण्याचा. पहिला मिळणं त्यातल्या त्यात सोपं, दुसरा महाकठीण. संविधानाच्या सातव्या कलमात हाच भेद आला. १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला, तो भारताचा नागरिक मानला जाणार नाही. मात्र पुनर्वसनाचा किंवा कायमच्या परतीचा परवाना घेऊन आला असेल, तर त्याला दार उघडं. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या सवलतीवर मोठा वाद झाला. गेले ते गेले, त्यांना परत कशाला घ्यायचं, असं अनेकांचं म्हणणं. पंडित नेहरू सवलतीच्या बाजूने उभे राहिले. सरकारने नीट चौकशी करून ज्याला परवाना दिला, त्याला परका कसं म्हणायचं, असा त्या बाजूचा मुद्दा होता. हेच नेहरू १९४२ ते १९४५ आमच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. किल्ल्यावरून जाताना मला ते पुस्तक लिहिणारे नेहरू आठवतात, तसे हे दार किलकिलं ठेवणारे नेहरूही आठवतात.

छोटे दादा १९४९ च्या हिवाळ्यात आले. आई आजारी होती. हातात दोन महिन्यांचा तात्पुरता परवाना. दोन महिने संपले, आई जिवंत होती. तिला तशी टाकून ते निघाले नाहीत. ती गेली, चाळिसाव्याचा विधी झाला, आणि मग पोलीस आले. दादांना सरहद्दीपलीकडे पोचवलं गेलं. मशीन इथेच राहिलं.

अशी माणसं देशभर होती. बिहारमधल्या एका जमीनदाराच्या पत्नी जुलै १९४८ मध्ये कराचीला गेल्या, तात्पुरत्या परवान्यावर येऊन पुन्हा परतल्या. पुढे कायमचा परवाना मिळाला, तोही रद्द झाला. नवरा भारतात, घर भारतात. तरी १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थलांतरितच ठरवलं. त्याआधी, १९५४ मध्ये, इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाने एक मोठी गोष्ट सांगितली होती. परवान्याशिवाय आलेल्या नागरिकाला शिक्षा करता येईल, पण नुसत्या संशयावरून त्याला देशाबाहेर काढता येणार नाही. १९४९ च्या कायद्यातलं ते कलम रद्दबातल ठरलं. खुद्द तो कायदाही १९५२ मध्ये मागे घेतला गेला होता. दोन्ही देशांत पासपोर्ट सुरू झाले होते. दादांना मात्र पहिल्याच पायरीवर अडचण होती. आपण ‘स्थलांतरित’ नाही, नुसते कामाला गेलो होतो, हे सिद्ध करायचं कशाने? मशीन साक्ष देत नाही.

भाच्याची गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. त्याच्यामागे फाळणी नाही, रक्तपात नाही. त्याला अडवलं तरी अपील आहे. आणि तिथल्या कायद्यात दिवस कमी भरले तरी माणुसकीच्या कारणांचा विचार करण्याची तरतूद आहे. मी त्याला म्हटलं, आईचे दवाखान्याचे सगळे कागद बरोबर घे. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या, काहीही टाकू नकोस.

राज्याला माणसं मोजावी लागतात, सरहद्द सांभाळावी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दिवस मोजणाऱ्याने एवढं तरी विचारावं, की हा उशीर कशापायी झाला? छोटे दादांना हे कोणी विचारलं असतं, तर उत्तर एका वाक्याचं होतं. आई आजारी होती.

शहराचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं. मशीन अजून आमच्या माळ्यावर आहे. भाचा पुढच्या आठवड्यात निघतो आहे. त्याची फाईल जाडजूड झाली आहे.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)