तंजावर दरबारातील चाकरीचा शेवट

व्यंकोजी भोसल्यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात गादी स्थापली, तेव्हापासून कारकून, गवई, नर्तकी, पागेदार अशा घराण्यांची चाकरी पिढीजात झाली. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजींच्या हाती उरले किल्ला आणि राजवाडा. तरी दरबारी खर्चाचा हिशेब मोडीतच लिहिला जाई. रुमालात बांधलेले ते कागद आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि तंजावरच्या चाकरमान्यांचा इतका जिवंत पुरावा दुसरा नाही.

ऑक्टोबर १८५५ मध्ये तंजावरचे राजे शिवाजी पुत्राविना वारले. कंपनीने गादी खालसा केली. मोठा अन्याय झाला तो आश्रितांवर: मोडी लिहिणाऱ्या हाताला आता मागणी उरली नाही. ज्या मराठी घरांत इंग्रजी आधीच शिरले होते, त्यांची वाट सोपी होती. अशाच घरातले कुंभकोणमचे टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाण झाले.

कलावंतांना मात्र नवा आश्रयदाताच शोधावा लागे. १८८० मध्ये तंजावरच्या लक्ष्मीबाई मोहिते सयाजीराव गायकवाडांच्या राणी झाल्या. त्यांच्यासोबत आंदण म्हणून नर्तकी व वादकांचा ताफा बडोद्यास गेला आणि तेथील कलावंत कारखान्यात, म्हणजे दरबारी कलावंतांच्या खात्यात, पगारी नोकर झाला.