किल्ली कोणाच्या हाती?

दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी वादग्रस्त राजकीय जाहिराती नाकाराव्यात काय, हा प्रश्न निवडणूक आली की हमखास निघतो. एक पक्ष म्हणतो, असत्य आणि द्वेष यांना घरात थारा नको. दुसरा म्हणतो, मतस्वातंत्र्याचा गळा घोटू नका. दोघेही सद्‌हेतूने बोलतात असे धरून चालू. परंतु कामगार चळवळीत उमर घालवलेल्या माणसाला आधी निराळाच प्रश्न सुचतो: ह्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे, आणि ती त्याला दिली कोणी? ह्याचे उत्तर इतिहासातच शोधले पाहिजे.

हा इतिहास विलायतेत सुरू होतो. १९५४ साली ब्रिटिश पार्लमेंटने जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीस वाट मोकळी करून दिली. त्या कायद्याच्या परिशिष्टात एक कलम घातले होते. धार्मिक अथवा राजकीय उद्दिष्टाच्या संस्थांची जाहिरात घेऊ नये. तशा हेतूने केलेली घेऊ नये. आणि औद्योगिक तंट्याशी संबंध असलेलीही घेऊ नये. पैसेवाल्याने पडदा विकत घेऊ नये हा त्यातला हेतू चांगलाच होता. पण शेवटचे शब्द नीट पाहा. संप चालू असताना कारखानदार आपल्या मालाची जाहिरात खुशाल करू शकतो, कारण ती व्यापारी. संप का करावा लागला हे सांगणारी कामगारांची जाहिरात मात्र तंट्याची ठरते. कलम दोघांना एकच, पण त्याचा भार एकावरच पडतो.

हेच कलम पुढे आपल्याकडे आले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र निघाले आणि १९७६ पासून दूरदर्शनही जाहिराती घेऊ लागले. ह्या दोन्ही माध्यमांच्या जाहिरातसंहितेत धर्म, राजकारण आणि औद्योगिक तंटा ही तिन्ही नावे एका ओळीत आली. स्वतंत्र देशाने संहिता केली, पण शब्द विलायती कायद्याचेच उतरवले.

त्याचा अर्थ काय झाला, हे मुंबईच्या गिरणी संपावरून ध्यानात येते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली हा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या काळी दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी नव्हती. त्या पडद्यावर कापडाच्या जाहिराती झळकत. परंतु कापड विणणाऱ्यांनी वर्गणी काढून एक मिनिट विकत घ्यायचे म्हटले असते, तरी संहितेने ते त्यांना मिळू दिले नसते. तेथे वाद सभ्यतेचा नव्हता. विषयच निषिद्ध होता.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा दिला. केबल वाहिन्यांसाठी १९९४ साली केलेल्या नियमांत औद्योगिक तंट्याचा उल्लेख गळला, पण धर्म आणि राजकारण यांवरील बंदी राहिली. २००४ साली आंध्र प्रदेशच्या उच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. प्रकरण दिल्लीला गेले आणि १३ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: राजकीय जाहिरात दाखवावी, परंतु आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी. किल्लीचा मोठा वाटा अशा रीतीने निवडणूक आयोगाच्या समित्यांकडे गेला.

ती कशी फिरते हे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राने पाहिले. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशालगीतातून ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द वगळावेत, असे आयोगाने कळवले. पक्षाने ते मानले नाही. त्याच निवडणुकीत सीताराम येचुरी यांच्या दूरदर्शनवरील भाषणातून सरकारवर टीका करणारे काही शब्द गाळण्यात आले. एक पक्ष हिंदुत्वाचा, दुसरा लाल बावट्याचा. कात्री दोघांनाही लागली. मला ह्यांपैकी कोणाची वकिली करावयाची नाही. पण आज शेजाऱ्याचा शब्द कापला म्हणून टाळी वाजवणाऱ्याने उद्याची आपली पाळी विसरू नये.

दुसऱ्या देशांची रीत पाहावी. अमेरिकेत उमेदवाराच्या जाहिरातीतला शब्दही केंद्राला बदलता येत नाही; मात्र इतरांच्या मतप्रचाराच्या जाहिराती घेण्याची सक्ती केंद्रांवर नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली ठरवले. परिणाम असा की ज्याची थैली मोठी त्याचा आवाज मोठा. ब्रिटनने विकत घेतलेल्या राजकीय जाहिरातीला बंदीच ठेवली, पण पक्षांना फुकट वेळ दिला. आपणही १९७७ पासून आकाशवाणीवर पक्षांना असा वेळ देत आलो आहोत. पण कासुर्डीच्या ऊसवाल्याला भावाविषयी, किंवा दौंडच्या रेल्वे कामगाराला खाजगीकरणाविषयी चार शब्द बोलावयाचे असतील, तर त्याला वेळ कोठे आहे? आणि सरकार आपल्याच कौतुकाची जाहिरात जनतेच्या पैशाने करते, तिला राजकीय म्हणावयाचे की नाही? ह्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली.

तेव्हा माझे मत असे. नकार सर्वस्वी वाईट नव्हे. खोटे आरोप आणि जातीधर्माची चिथावणी अडवलीच पाहिजे. पण ती वाहिनीच्या मालकाच्या मर्जीने नव्हे, आधी जाहीर केलेल्या नियमाने. तो नियम सरकारला आणि धनवंताला तितकाच लागू हवा. ज्याला थैली नाही त्यालाही थोडा वेळ मिळावा. आणि नकार लेखी, सकारण, दाद मागता येईल इतक्या वेळेत मिळावा.

कामगाराला कामावरून काढावयाचे तर आधी आरोपपत्र द्यावे लागते आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हे तत्त्व कोणी दान दिले नाही; ते झगडून मिळवले आहे. मग माणसाच्या मताला पडद्यावरून काढताना त्याहून कमी न्याय आपण का चालवून घ्यावा?