पत्र्याखालचें लांकूड

मोटारगाडी म्हणजे लोखंडाची वस्तु, असा आपल्यापैकीं बहुतेकांचा समज असतो. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांतील एखादी गाडी तुमच्यासमोर कोणीं उकलली, तर वरचा पातळ पत्रा निघतांच आंत चक्क सुतारकाम दिसेल: उभे खांब, आडव्या पट्ट्या, कुसवें आणि सांधे. हें लांकूड कुजलें, पत्रा गंजला, आणि तरीही ती गाडी पुन्हां उभी करावयाची झाली, म्हणजे नवा पत्रा हातानें घडवावा लागतो. तो कसा घडवितात, आणि घडवितांना जुन्याचें काय करावें, याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

ही रीत मोटारीकडे घोडागाडीकडून आली. लंडनमधील बार्कर ही पेढी १७१० सालची, हूपर १८०५ सालची. दोघींचेंही नांव मुळांत बग्ग्या बांधण्यासाठीं झालेलें. मोटार आली तेव्हां नामांकित कारखानदार इंजिन, चाकें व खालची चौकट तेवढी विकीत. वरचा भाग गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या पेढीकडून बांधून घ्यावा, असा प्रघात पडला. रोल्स-रॉइसची १९०७ सालची प्रसिद्ध ‘सिल्व्हर घोस्ट’ बार्करनेंच मढविली. आपल्याकडील अनेक संस्थानिकांच्या गाड्याही अशाच पेढ्यांत सजून आल्या.

सांगाड्यासाठीं ॲश नांवाच्या विलायती वृक्षाचें लांकूड घेत. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला जशी बाभूळ, तसा इंग्लंडांत हातोड्या-कुदळींच्या दांड्यांना ॲश. चिवट, धक्का सोसणारा, वांकविला तर वांकणारा. त्यावर ॲल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा बसवून त्याच्या कडा लांकडाभोंवतीं दुमडीत व बारीक चुकांनीं ठोकीत. दोष एकच होता. सांध्यांतून पाणी शिरे, चुका गंजत, आणि पत्र्याआड लांकूड कोणाला न कळतां कुजत जाई.

या कलेवर पहिला घाला अमेरिकेंत पडला. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याच्या कारखान्यानें डॉज बंधूंच्या १९१४ सालच्या गाडीला संपूर्ण पोलादी साटा पुरविला. १९२६ मध्यें बड व विल्यम मॉरिस यांच्या सहकार्यानें ऑक्सफर्डजवळ काउली येथें तसाच कारखाना निघाला. पोलादी साट्याला भट्टींत घालून रंग पक्का करतां येई. लांकडी सांगाड्याला तेवढी आंच सोसत नसे. मात्र दाबयंत्राचे सांचे इतके महाग पडत कीं हजारों गाड्या खपल्याशिवाय तो खर्च निघूं नये. म्हणून लहान कारखाने लांकडालाच धरून राहिले. ॲबिंग्डनच्या एम. जी. कंपनीनें १९४५ ते १९४९ या काळांत सुमारें दहा हजार ‘टी. सी.’ गाड्या बांधल्या, त्या ॲशच्या सांगाड्यावर पोलादी पत्रा चढवूनच. इंग्लंडांतील मॅल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनीनें तर ॲशचा सांगाडा आजतागायत सोडलेला नाहीं.

हातानें बांधलेल्या अशा गाडीचा डावा पत्रा उजव्याशीं तंतोतंत जुळेलच असें नाहीं. मग एका गाडीचा दुसरीला कोठून बसणार? पत्रा अंगरख्यासारखा त्या त्या सांगाड्यावर बेतलेला असतो. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. उत्साही मालक प्रथम सगळा पत्रा काढून मोकळा होतो, आणि तेथेंच चुकतो. कारण कुजलेल्या लांकडाला आकार धरून ठेवणारा तो पत्राच असतो. शहाणा कारागीर आधीं दारांच्या चौकटींना आडवे आधार देतो, मापें टिपून ठेवतो, आणि एकेक लांकूड काढून तेथल्या तेथें नवें बसवितो. दारें विनासायास लागूं लागलीं, म्हणजे मगच पत्र्याला हात घालावयाचा.

जाड कागद सांगाड्यावर धरून बेत उतरवून घेतात व कडा दुमडण्यापुरतें जास्त माप धरून पत्रा कापतात. ॲल्युमिनियमचा पत्रा बहुधा सोळा किंवा अठरा गेजचा, म्हणजे सुमारें १.६ किंवा १.२ मिलिमीटर जाडीचा असतो. रेतीच्या पिशवीवर लांकडी मोगरीनें ठोकून त्याला प्रथम ओबडधोबड बाक देतात. पुण्याच्या तांबट आळींत ज्यानें हंडे घडतांना पाहिले आहेत, त्याला पुढचें काम मठारण्याचें हें सांगावयास नको. फरक इतकाच कीं येथें तें हातोडीऐवजीं चाक करतें. वर सपाट व खालीं किंचित् फुगीर अशा दोन चाकांमधून पत्रा मागेंपुढें फिरवीत राहिलें कीं दाबला गेलेला भाग पातळ होऊन पसरतो आणि पत्रा फुगत जातो.

ठोकून ठोकून धातु कडक झाली, कीं तिला आंच देऊन नरम करावें लागतें. पण ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, आणि वितळण्यापूर्वीं लोखंडासारखें लाल होऊन सूचना देत नाहीं. म्हणून जुने कारागीर पत्र्याला साबण चोळतात. साबण काळवंडला कीं ज्योत बाजूला. अशा रीतीनें घडविलेला पत्रा पुन्हां पुन्हां सांगाड्याला लावून पाहावा लागतो. अखेर कडा दुमडून तो ठोकतात.

आतां जुन्या पत्र्याचा प्रश्न. बार्कर १९३८ मध्यें हूपरकडे गेली, आणि हूपरनें १९५९ मध्यें हा धंदा आटोपला. ज्यांनीं त्या गाड्या बांधल्या, त्यांना आतां विचारतां येत नाहीं. उरली आहे ती त्यांची वस्तु. चुकांचीं भोंकें, कडा दुमडण्याची तऱ्हा, मागच्या बाजूचे हातोडीचे ठसे, लांकडावर घातलेला एखादा आंकडा, हींच त्यांची दप्तरें. नवा पत्रा जुन्याहून गुळगुळीत निघेल, पण यांतलें तो कांहींएक सांगणार नाहीं.

यास्तव माझें म्हणणें असें आहे कीं खालचा चार बोटें पत्रा गंजला असेल, तर तेवढीच पट्टी नवी जोडावी. संपूर्ण नवा पत्रा करणें भागच पडलें, तर जुना भंगारांत न देतां माळ्यावर गुंडाळून ठेवावा, आणि नव्याच्या पाठीमागें तो घडविल्याची तारीख लिहावी. पन्नास वर्षांनीं ती गाडी पुन्हां उकलणारा कोणी तरी निघेल. पहिल्या कारागिराचें काम कोणतें आणि आपलें कोणतें, हें त्याला ओळखतां आलें पाहिजे.