अस्मानी की सुलतानी?

१८०१ साली विल्यम हर्शेलने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गव्हाचे भाव मांडले. युरेनस शोधणारा हाच तो हर्शेल. भाव त्याने घेतले होते अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मधून, आणि शेजारी ठेवली होती सूर्यावरच्या डागांची निरीक्षणं. डाग कमी झाले की गहू महागतो, असं त्याला दिसलं होतं. त्याची थट्टा झाली. पाऊणशे वर्षांनी हाच विचार हिंदुस्थानात पोचला, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

दरम्यान सूर्याची मोजदाद बरीच पक्की झाली होती. जर्मनीतल्या डेसाउ गावचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे १८२६ पासून रोज, ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी, डाग मोजत होता. खरं तर तो बुधाच्याही आत फिरणारा एक ग्रह शोधत होता. तसा ग्रहच नाही. हाती लागलं ते डागांच्या वाढण्या-घटण्याचं चक्र, सुमारे दहा वर्षांचं. पुढे स्वित्झर्लंडमधल्या रुडॉल्फ वोल्फने जुन्या नोंदी धुंडाळून ते अकरा वर्षांचं ठरवलं आणि मोजायची रीतही घालून दिली: डागांच्या पुंजक्यांची संख्या दसपट करायची आणि तीत एकूण डागांची संख्या मिळवायची. रीत ओबडधोबड, पण आजही तिच्याच वाटेने मोजतात.

१८७६मध्ये दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात पावसाने दगा दिला. १ जानेवारी १८७७ला लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज ठरवला: एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्य, आणि वर एक आणा. आपल्याकडच्या मजुरांनी एवढ्यावर खडी फोडायला नकार दिला आणि कामं सोडली. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडली. भावांना हात लावायचा नाही, हे सरकारचं तत्त्व होतं, त्यामुळे धान्य रेल्वेने बंदरावर आणि बंदरातून विलायतेला जातच राहिलं. या दुष्काळात किमान ५० लाख माणसं गेली.

त्याच १८७७ साली सरकारच्या सांख्यिकी खात्याचा प्रमुख विल्यम हंटर याने एक पुस्तिका काढली. मद्रासच्या १८१३ पासूनच्या पावसाच्या नोंदी त्याने अकरा-अकरा वर्षांच्या चक्रांत बसवल्या आणि दाखवलं की डाग कमी असतात तेव्हा तिथे पाऊसही कमी होतो. मग त्याने नॉर्मन लॉकयर या नामवंत सूर्यशास्त्रज्ञाबरोबर डाग आणि दुष्काळ यांवर लंडनच्या मासिकात लेख लिहिला. १८७८पासून डेहराडूनला सूर्याचे रोज फोटो घेतले जाऊ लागले. स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने तर इंग्लंडमधल्या व्यापारी मंदीचा धागाही हिंदुस्थानातल्या पिकांमार्गे सूर्यापर्यंत नेऊन भिडवला.

मराठीत अशा आपत्तीला ‘अस्मानी-सुलतानी’ म्हणतात. शेतसाऱ्यात सूट मागताना जुन्या मुलकी कागदांतही हे शब्द येतात. मी भाषांतरं करते, आणि या जोडीपाशी हमखास अडते. इंग्रजीत ‘अस्मानी’ला शब्द सहज सापडतो, ‘सुलतानी’लाही सापडतो, दोन्ही एका श्वासात म्हणणारा सापडत नाही. मराठी शेतकऱ्याला हे दोन तोडायची गरजच वाटली नाही. आभाळ फिरतं तेव्हा सरकारही फिरतं, हा त्याचा अनुभव. हंटरच्या तक्त्यांनी नेमकी ही जोडी तोडली. हंटर लबाड होता असं मला वाटत नाही. दुष्काळाची चाहूल आधी लागली तर तयारी करता येईल, हा त्याचा हेतू सरळ होता. पण दुष्काळ ९ कोटी मैलांवरून येतो असं एकदा ठरलं, की बंदरावर लागलेल्या जहाजाकडे बोट दाखवायचं कारण उरत नाही.

सूर्याच्या अभ्यासाला मात्र या दुष्काळाने घर मिळवून दिलं. दुष्काळ आयोगाने हवामानाच्या पद्धतशीर अभ्यासाची शिफारस केली, आणि १८९९मध्ये तमिळ मुलखातल्या पळणी डोंगरांत कोडाईकनालची सौर वेधशाळा सुरू झाली. पुण्यातही तेव्हा एक वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात उभी राहिलेली, कावसजी नायगमवाला यांनी चालवलेली. त्यांच्याकडे २० इंची दुर्बीण होती, देशातली त्या वेळची सर्वांत मोठी. १९१२मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणं कोडाईकनालला गेली. पुण्याला याची हळहळ फारशी वाटल्याचं दिसत नाही, आणि आज तर ती गोष्ट ठाऊक असलेलेही थोडेच भेटतात.

पावसाचं काय झालं? १९०४मध्ये हवामान खात्याची सूत्रं हाती घेतलेला गिल्बर्ट वॉकर मुळात गणिती. डाग आणि पाऊस यांचं नातं त्याने जगभरच्या आकड्यांवर घासून पाहिलं. अंदाज बांधावा इतकं बळ त्यात निघालं नाही. आकड्यांच्या त्याच ढिगाऱ्यात त्याला दुसरंच काही दिसलं: प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका, एकीकडे वर, दुसरीकडे खाली. १८७७च्या मागे फार जबर एल निनो होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. डागांचा नीचांक १८७८च्या अखेरीस आला, म्हणजे माणसं मरून गेल्यावर. अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याचं एकूण तेज बदलतं तेही हजारात एका भागाने.

कोडाईकनालला १९०४पासून रोज सूर्याचा फोटो काढला जात आहे. १९०९च्या जानेवारीत जॉन एव्हरशेडला तिथेच दिसलं की डागाच्या कडेला वायू मधून बाहेरच्या दिशेने वाहतो. हा प्रवाह आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. शंभरावर वर्षांच्या त्या काचेच्या पट्ट्या आता संगणकावर उतरवल्या आहेत. सूर्याच्या जुन्या चक्रांवर काम करणारे जगभरचे अभ्यासक त्या उघडतात, एकेका डागाचं क्षेत्रफळ मोजतात, अर्ध्या सूर्यगोलाच्या दशलक्षांशांत. तांदळाचा भाव त्यांना कुणी विचारत नाही.