वीस हजार व्याख्यानांची कुलूपबंदी

ग्रंथालय सर्वांस खुले असते, असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु दार उघडे असले म्हणून आत आलेल्या प्रत्येकास ग्रंथ वाचता येतोच असे नाही. महाजालावरील शिक्षणक्रमांच्या बाबतीत हा प्रश्न अमेरिकेतील एका विख्यात विद्यापीठापुढे उभा राहिला. त्याची हकीकत ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

अंध, कर्णबधिर वा हात चालत नसलेल्या व्यक्तीस संकेतस्थळ वापरता यावे, म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने 1999 साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. 2008 साली त्यांची दुसरी, अधिक काटेकोर आवृत्ती निघाली. चित्रास शब्दांत वर्णन हवे, चित्रफितीस उपशीर्षके हवीत, माउसवाचून केवळ कळफलकावर सर्व व्यवहार करता यावा, अशा स्वरूपाचे हे नियम आहेत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचा फरकही किमान साडेचारास एक असा मोजून दिला आहे. त्यामुळे ‘सोय आहे’ असे मोघम म्हणण्यास वाव राहिला नाही. तपासणी शक्य झाली.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने आपली व्याख्याने महाजालावर विनामूल्य ठेवली होती. वॉशिंग्टनमधील गॅलोडेट विद्यापीठ हे कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी 1864 पासून प्रसिद्ध आहे. तेथील दोघा कर्मचाऱ्यांची तक्रार अशी, की ही व्याख्याने आम्हांस समजत नाहीत. अमेरिकेच्या न्यायखात्याने तपासणी केली आणि ऑगस्ट 2016 मध्ये दोषांचा पाढाच वाचला. कोठे उपशीर्षके नाहीत, कोठे यंत्राने उमटवलेली उपशीर्षके चुकीची. चित्रांना वर्णन नाही. दस्तऐवज स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीला, वाचता येत नाहीत. दुरुस्तीचा खर्च फार, असे विद्यापीठाचे म्हणणे पडले. मार्च 2017 मध्ये त्याने वीस हजारांहून अधिक ध्वनिफिती व चित्रफिती सर्वसामान्यांसाठी बंद केल्या. ज्यांनी ऐकण्याचा हक्क मागितला त्यांना काही मिळाले नाही, आणि ज्यांना मिळत होते त्यांचेही गेले!

पुष्कळांनी तेव्हा दोष तक्रारदारांच्या माथी मारला. मला तो अन्याय वाटतो. व्याख्यान ध्वनिमुद्रित करतानाच उपशीर्षके केली असती, तर खर्चाचा हा डोंगर साचलाच नसता. अखेर 2022 साली विद्यापीठ व न्यायखाते यांच्यात तडजोड झाली. तीत कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, साहित्याची चाचणी आणि बाहेरच्या स्वतंत्र परीक्षकाकडून तपासणी या अटी होत्या.

स्वतंत्र परीक्षक कशाला, असे कोणी विचारील. यांत्रिक तपासणी फार थोडे पकडते. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगते. ‘चित्र क्रमांक 3’ एवढेच वर्णन असले तरी ते समाधानी असते. त्या तीन शब्दांतून अंध विद्यार्थ्यास काय बोध झाला, हे विद्यार्थ्यासच विचारावे लागते. (आमच्या महाविद्यालयीन तपासण्यांतही फायली पाहतात, विद्यार्थ्यास कोणी विचारीत नाही, असो.) आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा सर्वांस वापरता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. प्रमाणित तज्ज्ञांकडून ठरावीक काळाने परीक्षण व्हावे, आणि चाचणीत अंध व्यक्तींस सहभागी करून घ्यावे, असेही त्यात सांगितले. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा त्याआधीचाच होता.

मराठी ग्रंथांस यात एक खास अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी संगणकावर जुळवलेल्या आपल्या मजकुरात दिसते देवनागरी, पण पोटात असतात रोमन अक्षरांचे संकेत. स्क्रीन रीडर ते रोमन अक्षरांचे निरर्थक कडबोळे वाचून दाखवतो. जुन्या ग्रंथाच्या पानाचे नुसते छायाचित्र काढून संगणकावर चढवले, तर तो काहीच वाचत नाही. यंत्राने अक्षरे ओळखून घेतली तरी जोडाक्षरांत आणि पुसट छपाईत चुका राहतात, त्या मराठी जाणणाऱ्या माणसानेच सुधाराव्या लागतात. शतकभर जपलेला संग्रह संगणकावर नेण्याचे काम जी ग्रंथालये हाती घेतील, त्यांनी मुद्रितशोधनाचा हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, आणि पहिली पन्नास पाने तयार होताच ती एखाद्या अंध वाचकाच्या हाती द्यावीत.